जनूभाऊंच्या पेंडीचा नंबर

माझी आणि जनूभाऊंची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी रामराम घातला नाही. ते सरळ पुढे आले, अंगठ्याने माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली, पुठ्ठ्यावर चिकटवलेली एक पिवळी कापडी पट्टी डोळ्यापाशी धरली, स्वतःचा एक डोळा मिटून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तीन नंबर. गुरुजी, कावीळ हाय तुमाला."

मी हबकलो. किन्हवलीच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पाणी बदललं म्हणून जेवण जात नाही, असं मी स्वतःला आणि बायकोला, सुलभाला, पटवून दिलं होतं. आपण ज्याच्या शेजारची खोली भाड्याने घेतली तो माणूस लोकांच्या पापण्या ओढत फिरतो, हे कळल्यावर खोली बदलावी असंही मनात येऊन गेलं. चिडून शहापूर गाठलं. डॉक्टरांकडून 'तब्येत ठणठणीत' असं लिहून आणायचं आणि या गृहस्थाच्या हातात द्यायचं, असा माझा बेत होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ निघाली.

बरा झाल्यावर मी जनूभाऊंना विचारलं, की आजार ओळखायला कुठे शिकलात. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. आजार कुठे ओळखला, नुसता रंग ओळखला, असं म्हणाले. मग पुठ्ठा काढून, "आता किती हाय बगू," म्हणत पुन्हा पापणी ओढली.

जनूभाऊ तेव्हा पन्नाशीच्या पुढचे. उंच, वाळकुडे, सदान्कदा पांढरा सदरा आणि पांढरी टोपी. कल्याणच्या अलीकडच्या एका कापडगिरणीत रंगखात्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. काम एकच. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी नवा रंगवलेला तागा जुळतो की नाही, ते नजरेने सांगायचं. हे 'हो' म्हणाले की तागा पुढे, 'नाय' म्हणाले की परत हौदात. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी तिथून निशाणी म्हणून आणला हा पुठ्ठा. हळदीच्या पिवळ्यापासून तव्याच्या बुडाच्या काळ्यापर्यंत चाळीस पट्ट्या आणि प्रत्येकीखाली नंबर. हा पुठ्ठा बगलेत नसलेले जनूभाऊ मी कधी पाहिले नाहीत.

त्या पुठ्ठ्याने गावात काय काय उत्पात केले होते ते ऐकून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. शेणव्याला एका लग्नात वरमाईला आणि तिच्या जावेला मुलीकडच्यांनी 'एकसारख्या' साड्या नेसवल्या. जनूभाऊंनी पंगतीत बसल्या बसल्या पुठ्ठा काढला आणि जाहीर केलं, की या एका ताग्यातल्या नाहीत, जावेची अर्धा नंबर उतरली आहे. जाऊबाई पानावरून उठल्या. व्याह्यांची समजूत काढण्यात तासभर गेला आणि वरण गार झालं. जनूभाऊंना शेवटपर्यंत कळलं नाही की बिघडलं काय. "खोटं बोललो का?" एवढंच ते मला विचारत राहिले.

आमच्या घरातही ते आले की थेट चुलीशी. सुलभाची आमटी उकळत असायची. ते पुठ्ठा धरायचे आणि सांगायचे, "वहिनी, एकोणीस हाय. बावीसवर आली की उतरवा." सुलभा आधी संतापली. स्वयंपाकघरात परक्या पुरुषाने येऊन आमटीला नंबर द्यावा, हे तिच्या माहेरी साताऱ्याकडे कोणी खपवून घेतलं नसतं. एक दिवस मात्र तिने खरंच बावीसवर उतरवली. मी दोन वाट्या जास्त प्यायलो. त्यानंतर आमच्याकडे तीच आमटी होऊ लागली.

पण हे सगळे त्यांचे फावल्या वेळातले उद्योग. खरा जीव पेंडीत.

मुरबाडच्या रस्त्याला एक तेलघाणा होता. वाड्या-पाड्यांवरची माणसं मोहाच्या बिया वेचून तिथे आणत आणि तेल घेऊन जात. तेल निघाल्यावर उरते ती पेंड. ती कडू जहर. गुरं तोंड लावत नाहीत, आणि ओहोळात टाकली तर मासे पोट वर करून तरंगतात. घाणेवाल्याला ती नकोच असायची. जनूभाऊ बैलगाडीने पोती भरून आणत, घरामागे पेंढा, शेण आणि पालापाचोळ्याबरोबर तिचे थर लावत, पाणी मारत, दर आठवड्याला ढीग उलथापालथा करत. आणि रोज सकाळी दहा वाजता तिचा रंग बघत.

हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आ वासून उभा राहिलो. ढिगात कोपरापर्यंत हात घालून ते मूठभर माल काढायचे. पत्र्यावर सावलीत वाळवायचे, पिठाच्या चाळणीतून चाळायचे, पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत पसरायचे. मग घराच्या उत्तरेच्या बाजूला, झाडाची सावली टाळून बसायचे. कारण झाडाखाली पेंडीवर हिरवा पडतो. सदरा पांढरा तोही याचसाठी. दुसऱ्या एका पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून आधी बशी, मग पट्टी, पुन्हा बशी असं बघायचे. एकदा सुलभा कुतूहलाने जवळ जाऊन उभी राहिली तर मान वर न करता म्हणाले, "वहिनी, जरा लांब. तुमचा लाल पडतो." ती तिच्या साडीकडे बघतच राहिली.

मी त्यांना विचारलं, की एवढं वाळवता कशाला, दोन तास जातात. तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. ओली वस्तू कधीच खरा रंग सांगत नाही, ती आहे त्यापेक्षा गडद दिसते. गिरणीत ओला तागा पास करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे, असं त्यांनी मला समजावलं.

पेंड सुरुवातीला अकरा-बारा नंबरची असते. कुजता कुजता काळवंडत जाते. तिशीच्या पुढे तिचा वेग मंदावतो, आणि एक दिवस रंग हलायचाच थांबतो. आज छत्तीस, उद्या छत्तीस, सलग आठ दिवस छत्तीस. मग जनूभाऊ म्हणायचे, "रंग थांबला." म्हणजे आत जे काही धुमसत होतं ते निवलं, आता हे खत कुठल्याही कोवळ्या मुळाला चालेल. त्याआधी घमेलंभर मागायला दस्तुरखुद्द आमदार आले असते तरी मिळालं नसतं.

मी विज्ञानाचा माणूस. मला हे हास्यास्पद वाटायचं आणि मनातून जळायलाही व्हायचं, कारण बी.एड.ची पदवी घेऊन मी आयुष्यात काहीही इतक्या काटेकोरपणे मोजलं नव्हतं. त्यांच्यावर कुरघोडी करायला मी शाळेचा तापमापक आणून ढिगात खुपसला. तो आतच हरवला. पुढच्या आठवड्यात ढीग उलटताना सापडला तेव्हा जनूभाऊंनी पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गुरुजी, हे काय कुजत नाय."

या माणसाला हे वेड का लागलं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

रस्त्यापलीकडे समोरच काळूदादा राहत. जनूभाऊंचे सख्खे थोरले भाऊ. आई लहानपणीच गेलेली, धाकट्याला यांनीच वाढवलेलं. गिरणी बंद पडल्यावर जनूभाऊ गावी परतले ते भावासाठी काहीतरी करायच्या उमेदीने. इकडे भाताचं रोप करायच्या तुकड्याला राब म्हणतात. उन्हाळ्यात त्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पेंढा पसरून तो भाजतात आणि मग बी टाकतात. जनूभाऊंना कोणीतरी सांगितलं होतं, की पेंडीत कस फार, भाजायची गरजच नाही. त्यांनी भावाला चकित करायचं म्हणून ताजी पेंड आणून त्याच्या राबात कालवली. बी उगवलं, दोन बोटं वर आलं आणि पिवळं पडून सगळंच्या सगळं मेलं. त्या वर्षी काळूदादा दारोदार उरलंसुरलं रोप मागत फिरले. अर्धं शेत पडीक राहिलं. ते भावाला मारायला धावले नाहीत. एकच वाक्य बोलले, की माझ्या बांधावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.

तेव्हापासून अबोला. मी गावात आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि आता सांगतो ती गोष्ट घडली तेव्हा अकरा. समोरासमोरची दारं, पण एकाने उघडलं की दुसऱ्याने लावायचं. जनूभाऊ स्वतःच्या शेतावर जायलासुद्धा भावाचा बांध चुकवून ओहोळाकडून वळसा घ्यायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काळूदादांनी बैल विकले. मुलं कल्याणला नोकरीला, यांचे गुडघे गेलेले. राबासाठी ना शेण, ना फांद्या तोडायला जंगलात जायची ताकद. एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग ते आमच्या तुळशीकडे बघत म्हणाले, "तुमच्या हातनं दोन-चार टोपल्या खत आलं, तर मी घेईन. कोणाचं हाय ते मला सांगू नका."

मी उडालोच. धावत जाऊन जनूभाऊंना सांगितलं. मला वाटलं होतं, ते नाचतील. ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंडीचा रंग दोनदा पाहिला. मग म्हणाले, की अजून थांबला नाही. आणि लगेच, "पण थांबंल. दादाला सांगा... नको, काय सांगू नका."

पुढचे दिवस मला कठीण गेले. काळूदादा रोहिणी नक्षत्रावर, पावसाआधी कोरड्या धुळीत बी टाकणारे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. रोहिणी लागली. ते रोज ओट्यावरून माझ्याकडे नुसते बघायचे. मी जनूभाऊंकडे बघायचो. जनूभाऊ बशीकडे बघायचे आणि मान हलवायचे. अकरा वर्षांनी उघडलेलं दार या माणसाच्या एका-दोन नंबरांपायी पुन्हा लागणार, असं मला दिसत होतं आणि माझा संताप होत होता.

तेवढ्यात सापगावहून निरोप आला. जनूभाऊंच्या मुलीला मुलगा झाला होता आणि त्याचं बारसं होतं. बायको मागेच वारलेली, मुलीचं माहेर म्हणून हेच एकटे. जाणं भागच होतं. दोन दिवसांसाठी त्यांनी मला ढिगावर पाणी मारायला सांगितलं. जाताना काय वाटलं कोण जाणे, तो पुठ्ठा माझ्याकडे दिला. "नुसतं बगा. ढिगाला हात लावू नका," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढिगावर पाणी मारलं, मूठभर माल काढला, बशीत घेतला आणि पट्टी लावली. चक्क छत्तीस. मी पुन्हा पाहिलं. छत्तीसच. मला इतका आनंद झाला की 'आठ दिवस थांबायचं' वगैरे मी मनातल्या मनात रद्द करून टाकलं. गाडी बोलावली, सहा टोपल्या भरल्या आणि काळूदादांच्या राबावर नेऊन स्वतःच्या हाताने पसरल्या. काळूदादांनी खत मुठीत घेतलं, वास घेतला. उद्या सकाळी बी टाकतो, एवढंच म्हणाले. मी घरी येऊन सुलभाला सांगितलं, की आज मी एक पुण्याचं काम केलं.

संध्याकाळच्या एसटीने जनूभाऊ आले. ढिगाची कड ढासळलेली बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की पाणी कधी मारलंत. सकाळी, मी म्हणालो. आणि रंग कधी पाहिलात? पाणी मारून लगेच. ओला. वाळवायचं मी साफ विसरलो होतो. ओला कपडा गडद का दिसतो, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

जनूभाऊंनी हातातल्या मालाकडे नुसत्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "तेहतीस असंल." मला एक शब्द ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, आत्ता जाऊन काळूदादांना खरं काय ते सांगतो. पण उठून उंबऱ्यापर्यंत गेलो आणि मला धीर झाला नाही. जनूभाऊंनीच मग तोड काढली. म्हणाले, उजाडताना जाऊ, तो यायच्या आत सगळं खरवडून काढू.

उजाडता उजाडता आम्ही गेलो. काळूदादांच्या बांधापाशी जनूभाऊ थांबले. वहाणा काढल्या. क्षणभर मला वाटलं, हे परत फिरणार. मग त्यांनी बांधावर पाय ठेवला, पलीकडे उतरले, राबात उकिडवे बसले आणि खुरप्याने वरचा थर ओढायला लागले.

निम्मं झालं असेल नसेल, तेवढ्यात डोक्यावर बियाण्याची टोपली घेऊन काळूदादा आले. आपल्या राबात कोण बसलं आहे ते दिसलं तसे जागच्या जागी उभे राहिले.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "ह्या माणसाला इचारा, माझ्या राबात काय करतो."

जनूभाऊंनी वर बघितलं नाही. "गुरुजी, दादाला सांगा, पेंड कच्ची हाय."

दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर नव्हतं. पोचवण्यासारखं काही नव्हतंच, तरी मी एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड केलं. मग मी काळूदादांना सगळं कबूल केलं. यांनी नको म्हटलं होतं, चूक माझी, मी ओली पेंड बघून निर्णय घेतला.

काळूदादांनी ऐकून घेतलं. "त्यानं नको म्हनलेलं?"

"हो."

"मग त्यो का खरवडतो? तुमी खरवडा."

बरोबरच होतं. काचा मारायला मी धोतर थोडंच नेसलो होतो, पॅंटसकट खाली बसलो आणि हातांनी ओढायला लागलो.

"इचारा," काळूदादा म्हणाले, "किती दिस लागतील."

"बारा," जनूभाऊ मातीला सांगितल्यासारखे बोलले.

"रोहिणी जाईल."

"जाईल."

"त्याच्यात पाऊस आला आन् राबाचा चिखल झाला, तर बी टाकू कुटं?"

आता जनूभाऊंचं खुरपं थांबलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तर माझं रोप हाय. मी गेल्या सालच्या उरल्यासुरल्या खतावर बारशाच्या आदीच राब टाकलाय. दोन घरांना पुरंल एवढा टाकलाय." ते पुढे म्हणाले, "दर वरसाला तेवढाच टाकतो. तुझं काय कमी-जास्त झालं, तर असावं."

माझे हात मातीतच राहिले. सात वर्षं मी या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. त्यांच्या राबात दरवर्षी निम्मं रोप उपटायचं राहून जायचं, ते मागेल त्याला फुकट द्यायचे, आणि मी वर्गात मुलांना हे अंदाज चुकल्याचं उदाहरण म्हणून सांगायचो. मला माझीच लाज वाटली.

काळूदादांनी डोक्यावरची टोपली उतरवून बांधावर ठेवली. गुडघ्यावर हात दाबत, कण्हत खाली बसले आणि आमच्याबरोबर माती ओढायला लागले. "मृगावर टाकू," म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

ऊन वर येईपर्यंत तिघं खरवडत होतो. टोपल्या भरल्या. मी कंबर सरळ करायला उठलो, तेव्हा काळूदादा खाली मान घालूनच बोलले.

"जन्या, त्या कोपऱ्यात राह्यलं बग."

जनूभाऊ जागचे हलले नाहीत. मग उठले, राबाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. कोपरा तो केवढा, दोन विती असेल. तो साफ करायला त्यांना फार वेळ लागला. काळूदादांनी मला खुणेनेच बसायला सांगितलं, आणि आम्ही दोघं गुपचूप बांधावर बसून राहिलो.